'मला भीती वाटली'चं इंग्रजी करताना दर वेळी 'आय फेल्ट'च का येतं?

अर्धविराम

नमस्कार मंडळी,

माझीच एक जुनी मराठी कथा इंग्रजीत करायला घेतली आहे. दोन अनोळखी बायका लिफ्टमध्ये अडकतात आणि 40 मिनिटांनी सुटतात, एवढीच कथा. बाहेर काहीच घडत नाही, जे काही चाललंय ते सगळं 'मी'च्या मनात. आणि तिथंच माझं घोडं अडलंय.

मूळ वाक्यं साधारण अशी आहेत:

लिफ्टला हिसका बसला तशी मला भीती वाटली. शेजारची बाई हसली. तिच्या हसण्याचा मला राग आला. मग तिच्या शांतपणाचं आश्चर्य वाटायला लागलं. पुढे नुसता कंटाळा आला. तिने माझा हात धरला तेव्हा मला कसंसंच झालं. शेवटी दार उघडलं आणि मला रडू कोसळलं.

मराठीत वाचताना काही खटकत नाही. इंग्रजीत मात्र आय फेल्ट फिअर, आय फेल्ट अँगर, आय फेल्ट सरप्राइझ, आय फेल्ट बोअरडम असं सुरू झालं. मैत्रिणीला वाचायला दिलं, तर म्हणते, "तुझी नायिका लिफ्टमध्ये अडकलीय की दवाखान्यात फॉर्म भरतेय?"

मग सगळं उलटं केलं. इट मेड मी स्केअर्ड, शी मेड मी अँग्री, शी मेड मी सरप्राइझ्ड. आता नायिका त्या बिचाऱ्या बाईवर फिर्याद ठोकतेय असं वाटतं.

व्याकरणाची पुस्तकं घरात आहेत, त्यातले तक्ते नकोत. एखाद्या गोष्टीचा माणसावर काय परिणाम झाला हे सांगायच्या इंग्रजीत कोणकोणत्या वाटा आहेत, आणि लिहिणारा त्यातली एक कशी निवडतो, हे कुणी सांगेल का? शिवाय 'फ्रायटन्ड बाय' की 'फ्रायटन्ड ऑफ', 'मेड मी क्राय' की 'मेड मी टू क्राय', इथं अजून धांदल उडते.

---

शाईचा_डाग

मी मराठी चित्रफितींची इंग्रजी सबटायटलं करतो. एका ओळीत साधारण 42 अक्षरं, पडद्यावर एका वेळी फार तर दोन ओळी, आणि त्याही काही सेकंदांत जातात. तिथं 'आय फेल्ट अ सेन्स ऑफ फिअर' म्हणायची चैन परवडत नाही. त्यामुळे तुमचा प्रश्न माझ्या रोजच्या भाकरीचा आहे. उत्तर लांबणार, पाणी घेऊन बसा.

गोम अशी की मराठीत भावना स्वतःच कर्त्याच्या जागी बसते आणि माणूस 'ला' लावून बाजूला उभा राहतो. राग आला, भीती वाटली, रडू कोसळलं. क्रियापद चालतं ते रागाच्या, भीतीच्या, रडूच्या लिंगाप्रमाणे. तुमचं-आमचं त्यात काही चालत नाही. रोजच्या इंग्रजीत मात्र त्या जागेवर दोघांचाच हक्क, एक माणूस आणि दुसरी ती गोष्ट. तुम्ही मराठी मांडणी तशीच उचलली, भावनेचं नाम घट्ट धरून ठेवलं, आणि कर्ता हवा म्हणून समोर 'आय फेल्ट' चिकटवलं. फॉर्म तिथून आला.

(थोडं विषयांतर. जुन्या इंग्रजीत हा प्रकार आपल्यासारखाच होता. आजचं 'लाइक' त्या काळी आपल्या 'आवडणे'सारखं चालायचं. आवडणारी वस्तू कर्ता आणि माणूस 'ला'वाला. 'मीथिंक्स' हा त्यातलाच उरलेला तुकडा. त्यातला 'मी' म्हणजे 'मला', आणि 'थिंक्स' म्हणजे विचार करणं नव्हे तर वाटणं, भासणं. पुढे इंग्रजीतले विभक्तिप्रत्यय झडले, क्रियापदाच्या आधीची जागा कर्त्याची म्हणून पक्की झाली, आणि तिथं बसलेला माणूस कायमचा कर्ता होऊन गेला. आपण मात्र अजून 'मला'वर ठाम आहोत.)

तर इंग्रजीतल्या भावनांच्या क्रियापदांच्या दोन मोठ्या टोळ्या आहेत. फिअर, लाइक, हेट, अ‍ॅडमायर, एन्जॉय यांना माणूस कर्ता लागतो. फ्रायटन, स्केअर, अ‍ॅनॉय, बोअर, सरप्राइझ, वरी, अम्यूज यांना गोष्ट कर्ता लागते आणि माणूस मागे जातो. दुसरी टोळी अवाढव्य आहे. भाषाशास्त्रज्ञ बेथ लेव्हिन यांनी 1993 साली इंग्रजी क्रियापदांचं जे वर्गीकरण छापलं, त्यात 'अम्यूज'च्या गटात दोनशेच्या वर क्रियापदं आहेत. 'अ‍ॅडमायर'च्या गटात त्याहून कितीतरी कमी. म्हणजे गोष्टीला पुढे करून बोलणं हा इंग्रजीचा अंगचा स्वभावच आहे, आणि तुम्ही नेमकं तिथंच नामं वापरत बसलात.

'द जोल्ट स्केअर्ड मी.' झालं, हिसका आला आणि भीतीही आली.

आता निवडायचं कसं? माझा स्वतःचा ठोकताळा असा: पुढचं वाक्य कुणाबद्दल आहे ते बघायचं. पुढे तुम्ही त्या हसण्याबद्दलच बोलत राहणार असाल, तर हसणं कर्ता: 'हर लाफ अ‍ॅनॉइड मी. इट वॉज टू लाउड फॉर दॅट लिटल बॉक्स.' पुढे 'मी'ने काय केलं ते येणार असेल, तर माणूस कर्ता: 'आय वॉज अ‍ॅनॉइड, अँड आय लेट हर सी इट.' दोन्ही वाक्यं बरोबर, राग तेवढाच, पण वाचणाऱ्याची नजर एकात तिच्याकडे राहते आणि दुसऱ्यात तुमच्याकडे येते. व्याकरणाच्या पुस्तकात हे सापडत नाही, कारण तिथं उदाहरणं एकेका वाक्याची असतात. कथा एका वाक्याची नसते.

'मेक'चं दुखणं वेगळं आहे. 'इट मेड मी स्केअर्ड' चूक नाही, पण लंगडं आहे. 'स्केअर' नावाचं तयार क्रियापद हाताशी असताना 'मेक' आणि विशेषणाची मोट कशाला बांधायची? 'मेक' तिथं काढायचं जिथं तयार क्रियापद नाही: मेड मी हॅपी, मेड मी जेलस, मेड मी नर्व्हस. 'सॅड'साठी 'सॅडन' आहे, पण ते शोकसंदेशातलं वाटतं, म्हणून बोलताना सगळे 'मेड मी सॅड'च म्हणतात. आणि अशा 'मेक मी'नंतर विशेषण येतं, क्रियाविशेषण नव्हे. 'मेड मी हॅपिली' असं लिहिलेलं मी छापील मजकुरातही पाहिलंय, म्हणून सांगून ठेवतो.

'मेड मी क्राय' बरोबर, मध्ये 'टू' नाही. पण कर्मणी केलंत की तोच 'टू' परत येतो: 'आय वॉज मेड टू वेट.' आणि येताना जबरदस्ती घेऊन येतो. 'इट मेड मी क्राय' म्हणजे डोळ्यांत पाणी आलं. 'आय वॉज मेड टू क्राय' म्हणजे कुणीतरी ठरवून रडवलं. तुमच्या कथेत हे नकोच.

'बाय' आणि 'ऑफ'. 'फ्रायटन्ड बाय द जोल्ट' म्हणजे हिसका बसला आणि त्याने घाबरवलं, एकदा घडलेली गोष्ट. 'फ्रायटन्ड ऑफ लिफ्ट्स' म्हणजे लिफ्टची भीती मुळात मुरलेली आहे, आज लिफ्टमध्ये पाय ठेवला नाही तरी. तुम्ही 'फ्रायटन्ड ऑफ द जोल्ट' लिहिलंत, तर वाचणारा समजेल की हिसका अजून बसायचाय आणि ही बाई त्याची वाट बघत घाबरलीय. 'वरिड'चंही बरंचसं असंच. 'वरिड बाय द नॉइझ', आवाज आला आणि काळजीत टाकून गेला. 'वरिड अबाउट मनी', काळजी पैशांची, पैशांनी काही केलेलं नाही. बाकी 'इंटरेस्टेड इन', 'टायर्ड ऑफ', 'बोअर्ड विथ' हे पाठच करायचं, तिथं तर्क लढवून हाती काही लागत नाही.

आता कंटाळा. इथं गोष्टीला कर्ता करू नका, कारण कंटाळा कुणी आणला नाही, तो वेळेबरोबर आला. 'आय गॉट बोअर्ड.' तुमच्या 'आला'चं काम हे 'गॉट' करतं. 'आय वॉज बोअर्ड' म्हटलंत तर कंटाळा आधीपासून तिथं बसलेला होता. एका शब्दाचा फरक आहे, पण 40 मिनिटांच्या कथेत वेळ पुढे सरकल्याचं तोच सांगतो.

आश्चर्याला इंग्रजीचा तो रिकामा 'इट' वापरा: 'इट सरप्राइझ्ड मी हाऊ काम शी वॉज' ('काम' म्हणजे इंग्रजीतलं शांत). या 'इट'ला स्वतःचा काही अर्थ नाही, त्याने फक्त जागा धरून ठेवलीय. खरा कर्ता वाक्याच्या शेवटी येतो. जड मजकूर शेवटाला ढकलायची इंग्रजीला सवय आहे, आणि इथं ते तुमच्या फायद्याचं आहे, कारण तिचा शांतपणा वाक्यात सगळ्यात शेवटी कळतो.

रडू कोसळलं, हे 'मेड मी क्राय'मध्ये मावत नाही. दाराने तुम्हाला रडवलं नाही. दार उघडलं, आणि आत तुंबलेलं बाहेर आलं. इथं सरळ माणूस कर्ता: 'द डोअर ओपन्ड, अँड आय बर्स्ट इंटू टिअर्स.' मध्ये नुसता 'अँड'. कार्यकारण वाचणारा स्वतः जोडून घेतो.

'कसंसंच झालं'वर मात्र दुसरं कुणी बोला. सबटायटलमध्ये तिथं पात्राचा चेहरा दिसतो, म्हणून मी बहुतेक वेळा काहीच लिहीत नाही.

---

तिरकस

डागराव, उत्तर झकास, पण 'दोघांचाच हक्क' हे फार ठासून बोललात. भावना कर्ता होते की इंग्रजीत. 'पॅनिक सेट इन.' 'अँगर रोज इन मी.' हे तर आपल्या 'राग आला'चं सख्खं भावंड. आणि विचारांचं काय? 'इट स्ट्रक मी', 'इट ऑकर्ड टू मी', 'इट डॉन्ड ऑन मी', सगळीकडे माणूस मागे आणि सुचलेली गोष्ट पुढे. 'मला सुचलं', 'माझ्या लक्षात आलं' असंच नाही का ते?

दुसरं म्हणजे 'आय फेल्ट'ला विनाकारण झोडपू नका. दोष 'फेल्ट'चा नाही, त्यामागे बसवलेल्या नामाचा आहे. 'आय फेल्ट फिअर' तोलामोलाचं, जाहीर निवेदनातलं वाटतं. 'आय फेल्ट सिक', 'आय फेल्ट स्टुपिड', 'आय फेल्ट सेफ' ही रोजच्या तोंडातली वाक्यं आहेत. मागे विशेषण आलं की 'फेल्ट' सुधारतं.

'कसंसंच'साठी आधी सांगा, कोणतं कसंसंच? किळस असेल तर 'इट मेड माय स्किन क्रॉल'. अस्वस्थ वाटलं असेल तर 'समथिंग अबाउट इट अनसेटल्ड मी'. संकोच असेल तर आणखी वेगळं.

---

शाईचा_डाग

तिरकसराव, म्हणून तर 'रोजच्या इंग्रजीत' असं लिहिलं होतं. 'अँगर रोज इन मी' कादंबरीत ठीक, तेही पन्नास पानांत एकदा. माझ्या पडद्यावर कुणी असं बोललं तर प्रेक्षक हसतील. 'पॅनिक सेट इन' मात्र जरूर घ्या, लिफ्टच्या कथेला ते शोभेल. फक्त हिसक्याला नको. 'सेट इन' हळूहळू होतं, हिसका क्षणात बसतो. पाचव्या-दहाव्या मिनिटाला, कुणी येत नाही हे कळतं, तिथं ते बसवा.

---

पाटीपेन्सिल

मी शिकवते, त्यामुळे राहवत नाही म्हणून दोन गोष्टी.

'इंग' आणि 'एड'ची जोडी सगळ्यांना माहीत असते: गोष्ट बोअरिंग, माणूस बोअर्ड. 'आय अ‍ॅम बोअरिंग' म्हणून वर्गात हशा पिकतो तो यावरच. पण जोडी दर वेळी जमत नाही, हे फारसं कुणी सांगत नाही. माणूस 'स्केअर्ड', पण गोष्ट 'स्केअरी', 'स्केअरिंग' नव्हे. माणूस 'इम्प्रेस्ड', गोष्ट 'इम्प्रेसिव्ह'. माणूस 'डिलाइटेड', गोष्ट 'डिलाइटफुल'. माणूस 'स्ट्रेस्ड', गोष्ट 'स्ट्रेसफुल'. नियम लावून शब्द पाडू नका, कानाने तपासा.

दुसरं, 'अफेक्टेड ऑन मी'. 'माझ्यावर परिणाम झाला'मधला 'वर' इंग्रजीत 'ऑन' होऊन आगंतुकासारखा घुसतो. क्रियापद वापरलं तर नुसतं 'इट अफेक्टेड मी'. 'ऑन' हवाच असेल तर नाम घ्या: 'इट हॅड अ‍ॅन इफेक्ट ऑन मी'. आणि खरं सांगू का, कथेत दोन्ही नको. परिणाम झाला, पण कसला? ते सांगणारं क्रियापद शोधायला नको म्हणून माणसं 'अफेक्ट' लिहून मोकळी होतात.

---

अर्धविराम

सगळ्यांना धन्यवाद. 'गॉट' आणि 'वॉज'चा फरक वाचून लगेच तीन परिच्छेद बदलले. पुढच्या वाक्याचा ठोकताळाही लागू पडतोय. अर्ध्या ठिकाणी माझं वाक्य चूक नव्हतंच, फक्त नजर भलतीकडे जात होती.

तिरकस, माझ्या 'कसंसंच'मध्ये ना किळस आहे, ना भीती. तिने हात धरला. इतका वेळ मी तिच्यावर मनातल्या मनात चिडलेली, आणि ती आपली सहज हात धरते. ओशाळल्यासारखं, पण बरंही वाटलं. मराठीत एका शब्दात भागलं.

आणि फिर्यादीचं कोडं अजून सुटलेलं नाही. 'शी अ‍ॅनॉइड मी' लिहिलं की त्या बाईने मुद्दाम त्रास दिला असं का वाटतं? 'द जोल्ट स्केअर्ड मी'मध्ये तसं वाटत नाही.

---

शाईचा_डाग

हिसक्याला मन नसतं म्हणून. गोष्ट-कर्ता वाक्यात कर्त्याच्या जागी जिवंत माणूस आला की ते दुतोंडी होतं. 'शी सरप्राइझ्ड मी' म्हणजे तिच्या वागण्याचं नवल वाटलं, किंवा तिने लपून बसून मला दचकवलं. 'शी फ्रायटन्ड मी'चंही तेच. इंग्रज वाचक संदर्भावरून ठरवतो, पण शंकेला जागा राहते.

तुम्हाला ते जास्त टोचतं, कारण तुमचा कान मराठी आहे. आपल्याकडे हसवणे, रडवणे, घाबरवणे, दमवणे यांच्यामागे बहुतेक वेळा कुणीतरी करणारा असतो. 'हिसक्याने मला घाबरवलं' हे आपण सहसा म्हणतच नाही, 'हिसक्याने मी घाबरले' म्हणतो. 'चिडवणे' तर चिडण्यापासून इतकं लांब गेलंय की त्याचा अर्थच खोडी काढणं झाला. तेव्हा 'शी मेड मी अँग्री' वाचलं की तुमच्या कानात 'तिने मला चिडवलं' ऐकू येतं.

उपाय साधा आहे. माणसाला कर्ता करू नका, त्याच्या कृतीला करा. 'शी अ‍ॅनॉइड मी' नको, 'हर लाफ अ‍ॅनॉइड मी' करा. 'शी सरप्राइझ्ड मी' नको, 'हर काम सरप्राइझ्ड मी' किंवा तो रिकामा 'इट'. हसणं काही हेतू धरत नाही, त्यामुळे आरोप गळून पडतो. मात्र कथेत एका जागी नायिकेला खरंच वाटत असेल की ही बाई मुद्दाम हसतेय, तर तिथं 'शी'च ठेवा. फिर्याद असेल तिथं फिर्याद दिसू द्या. सगळीकडून ती पुसायचं काही कारण नाही.

---

तिरकस

ओशाळलेली, पण बरंही वाटतंय. मग भावनेचं क्रियापदच टाकू नका. 'शी टुक माय हँड. आय डिडन्ट नो व्हेअर टू लुक.' कुठं बघावं कळेना. इंग्रजीत संकोच दाखवायला हे सर्रास वापरतात. बरं वाटल्याचं वेगळं सांगू नका. पुढच्या वाक्यात तुमच्या नायिकेने हात सोडवून घेतला नाही एवढं लिहा.

'इट डिड समथिंग टू मी' असंही एक आहे. नक्की काय झालं ते सांगता येत नाही पण आत काहीतरी हललं, या अर्थाने. पण ते जरा गाण्याबिण्याबद्दल बोलताना जास्त शोभतं.

---

अर्धविराम

'आय डिडन्ट नो व्हेअर टू लुक' घेतलं! अंधारात अडकलेल्या बाईच्या तोंडी थोडं विचित्र आहे, पण मोबाइलचा उजेड आहे कथेत, चालून जाईल.

एक शेवटचं. कंटाळ्याच्या आधी एक वाक्य आहे, 'तिच्या गुणगुणण्याने माझं डोकं उठत होतं.' इथं 'हर हमिंग ड्रोव्ह मी मॅड' की 'वॉज ड्रायव्हिंग मी मॅड'?

---

शाईचा_डाग

'वॉज ड्रायव्हिंग'. उठत होतं म्हणजे अजून पूर्ण उठलं नव्हतं, आणि 'ड्राइव्ह'ला चालू काळ छान मानवतो. या टोळीतली सगळी क्रियापदं तशी नाहीत. 'द नॉइझ वॉज स्केअरिंग मी' चालतं, पण 'इट वॉज सरप्राइझिंग मी' कानाला बोचतं, कारण आश्चर्य रेंगाळत नाही, वाटून होतं. आणि 'ड्राइव्ह'मागे वेड लावणारेच शब्द येतात, मॅड, क्रेझी, अप द वॉल. सुखाकडे हे क्रियापद कुणाला नेत नाही, तेव्हा 'ड्रोव्ह मी हॅपी' कुठं दिसलं तर खोडा.

'अप द वॉल' मात्र लिफ्टमध्ये वापरू नका. चार भिंतींत कोंडलेल्या बाईच्या तोंडी वाचक त्याला कोटी समजेल.

---

पाटीपेन्सिल

आणि 'हमिंग'च्या आधी 'हर'च ठेवा, 'शी' नको. बोलता बोलता 'शी हमिंग ड्रोव्ह मी मॅड' लिहिणारे माझ्या वर्गात दर वर्षी निघतात.